आवाज ओळखीचा असला तरी फोन ठेवा: एआयच्या काळात घर, दुकान आणि बँकखातं सांभाळण्याची रीत

मे महिन्यातली दुपार. कूलर सुरू, दारं-खिडक्या बंद, नागपुरातल्या प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही. अशा वेळी शेजारच्या काकू अनवाणी धावत आल्या. हातात मोबाइल, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला होता. गाडीनं कोणाला तरी उडवलं, पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय, समोरचे मिटवायला साठ हजार मागताहेत, बाबांना सांगू नको, लवकर पाठव. नंबर अनोळखी होता, पण 'माझा मोबाइल पोलिसांनी घेतला' हेही त्यानंच सांगून टाकलं होतं.

"आवाज त्याचाच होता जी मॅडम," काकू परत परत म्हणत होत्या. "सर्दी झाली की बोलतो न, अगदी तसाच."

मी मुलाचा नेहमीचा नंबर लावला. तो हिंजवडीत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होता. काकूंचे पैसे वाचले ते त्यांच्या खात्याची दिवसाची यूपीआय मर्यादा दहा हजारांवर ठेवलेली होती म्हणून. पैसे गेले नाहीत, काय करावं कळेना, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. ती मर्यादा काही महिन्यांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून ठेवली होती.

बँकेत एकतीस वर्षं काम करून मी निवृत्त झाले. आता रविवारी सकाळी बागेत फिरून झालं की दहा-बारा जण बाकांवर बसतात आणि एकेकाचा मोबाइल माझ्या हाती येतो. तिथं जे करून देते, तेच इथं क्रमानं लिहिते आहे. एका बैठकीत सगळं होणार नाही. दोन दुपारी लागतील.

आधी जुन्या खुणा विसरा

शाखेत असताना मी ग्राहकांना सांगायची: मेसेजमधलं मराठी तोडकंमोडकं असेल, बँकेचं चिन्ह पुसट असेल, बोलणाऱ्याची हिंदी परमुलखातली वाटली, तर समजा की चोर आहे. हा सल्ला मी आज मनापासून मागे घेते. मजकूर लिहिणाऱ्या चॅटबॉटांमुळे आता ठगाचं पत्र बँकेच्या पत्राहून शुद्ध असतं. २०२३ च्या मध्यावर तर 'वर्मजीपीटी' आणि 'फ्रॉडजीपीटी' या नावांची, खास फसवणुकीसाठी म्हणून विकली जाणारी साधनं गुन्हेगारांच्या बाजारात आली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये दाखवून दिलं होतं की अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल बनवता येते. तीन सेकंद म्हणजे एखाद्या रीलमधलं एक वाक्य. लग्नाच्या व्हिडिओत, वाढदिवसाच्या स्टेटसवर आपल्या मुलांचे आवाज पडलेलेच आहेत.

चेहऱ्याचंही तेच. जुलै २०२३ मध्ये केरळातल्या कोझिकोडला कोल इंडियातून निवृत्त झालेल्या ७३ वर्षांच्या गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा व्हॉट्सॲपवर फोन आला. त्यानं जुन्या मित्रांची नावं घेतली, घरची चौकशी केली, मग नातलगाच्या शस्त्रक्रियेसाठी चाळीस हजार मागितले. खात्री म्हणून काही क्षण व्हिडिओ कॉलही केला. चेहरा तोच, डोळ्यांची-ओठांची हालचाल तीच. पैसे गेले. थोड्या वेळानं आणखी पस्तीस हजारांची मागणी आली तेव्हा त्यांना शंका आली, आणि त्यांनी मित्राच्या आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरावर फोन लावला. मित्राला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या नागपुरात वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्सचं) मुख्यालय आहे, वेकोलि कोल इंडियाचीच कंपनी. निवृत्त झालेल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप इथंही आहेत, म्हणून ही हकीकत मी बागेत मुद्दाम सांगते.

त्या गृहस्थांची शंका फिटली ती शेवटच्या फोननं. डोळ्यांना आणि कानांना जे जमलं नाही, ते त्या फोननं केलं. बोटं सहा दिसतात का, पापण्या लवतात का, असल्या युक्त्या शिकवणारे व्हिडिओ बरेच फिरतात. त्यांवर वेळ घालवू नका. ती वैगुण्यं दर काही महिन्यांनी दुरुस्त होतात.

पहिलं काम: उलट फोन करण्याची सवय

फोन, मेसेज किंवा व्हिडिओ कॉल आला, तर समोरचा कोण आहे हे ओळखत बसू नका. तो काय मागतो आहे तेवढं बघा. पैसे, ओटीपी, पिन, एखादं ॲप बसवणं, मोबाइलचा पडदा दाखवणं (स्क्रीन शेअर), एखादा कोड डायल करणं, आणि 'कोणाला सांगू नका' ही अट. यातलं काहीही मागितलं आणि सोबत घाई असली, की वाक्य अर्धवट असलं तरी फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटेल, वाटू द्या. खरा मुलगा असेल तर तो रागावणार नाही.

मग आपण स्वतः फोन लावायचा, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरावर. मुलाचा फोन लागला नाही तर सुनेला, त्याच्या खोलीवरच्या मित्राला, ऑफिसला. त्यासाठी आजच एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचे दोन-दोन पर्यायी नंबर, बँकेच्या शाखेचा नंबर (पासबुकावरून घेतलेला), गॅस एजन्सी, महावितरण, आणि सगळ्यांत वर ठळक १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी सरकारी हेल्पलाइन. कागद फ्रिजवर किंवा देवघराच्या कपाटाच्या दारावर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला मोबाइलमध्ये नंबर शोधता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ग्राहकसेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका आणि चॅटबॉटलाही विचारू नका. ठगांनी पेरून ठेवलेले नंबर तिथं उत्तर म्हणून वर येऊ शकतात. कार्डाच्या मागं छापलेला नंबर बरा.

दुसरं: घरचा परवलीचा शब्द

रात्री जेवताना सगळ्यांना बसवून एक शब्द ठरवा. संकटात पैसे मागायचे झाले तर तो शब्द सांगायचा. शब्द असा हवा, जो फेसबुकवर, पत्रिकेवर, व्हॉट्सॲपवर कुठंच नाही. मुलांची टोपणनावं, कुलदैवत, गावाचं नाव यातलं काही नको. ते सगळं ठगाला मिळतं. एका घरानं त्यांच्या जुन्या गायीचं नाव ठेवलं, एकीनं आजीच्या हातच्या एका पदार्थाचं. शब्द मेसेजमध्ये लिहायचा नाही. आणि विचारणारा आपण असलो पाहिजे. 'आपला शब्द सांग' एवढंच म्हणायचं. आठवत नाही म्हणाला, रडला, ओरडला, तरी फोन ठेवून उलट फोन करायचा.

आजी-आजोबांकडून हे दोन-तीनदा घोटून घ्या. आमच्याकडे नातवंडं मुद्दाम दुसऱ्या नंबरावरून फोन करून आजीची परीक्षा घेतात. आजी आता फार कडक झाली आहे.

तिसरं: मोबाइल आणि व्हॉट्सॲप, पाऊण तासाचं काम

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा आणि सहा आकडी पिन ठेवा. जन्मसाल नको. मग 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. आपण न जोडलेला कुठला संगणक किंवा ब्राउझर तिथं दिसला तर लगेच लॉगआउट करा. खाजगीपणाच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, आणि अनोळखी माणूस आपल्याला ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही अशी निवड करा. शेअर बाजाराच्या खोट्या 'टिप्स'चे ग्रुप याच वाटेनं येतात. त्यांत नामवंत उद्योगपती आणि मंत्री एखाद्या योजनेची शिफारस करताना दिसतात, ते व्हिडिओही बनवलेले असतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: एपीके फाइल. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं ई-चलान, पीएम किसानची यादी, वीजबिलाची थकबाकी, बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणारी जी फाइल उघडताच 'इन्स्टॉल करू का' असं विचारते, ती एपीके. पत्रिका कधी इन्स्टॉल होत नाही. ती फोटो असते, नाहीतर पीडीएफ. ही फाइल बसली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, कधी 'ॲक्सेसिबिलिटी'ची, म्हणजे पडदा वाचण्याची आणि चालवण्याचीही. ती दिली की आपले ओटीपी तिकडे जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वर आपल्याच नंबरावरून तीच पत्रिका सगळ्या नातेवाइकांना जाते. म्हणून मामाच्या नंबरावरून आली तरी उघडायची नाही. मामाला फोन करायचा.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' असं शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' (धोकादायक ॲप तपासणारी सोय) सुरू आहे का ते बघा. अशी फाइल बसलीच असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा, आणि मग फोन जाणकाराकडे न्या.

कॉल फॉरवर्डिंग हा तसाच एक डाव. 'पार्सल आलं आहे, डिलिव्हरीवाल्याशी बोलायला हा कोड लावा' असं सांगून स्टार आणि त्यापुढं २१ किंवा ४०१ असा सुरू होणारा कोड डायल करायला लावतात आणि तुमचे कॉल त्यांच्याकडे वळवतात. शंका असेल तर ##००२# डायल करा. सगळी फॉरवर्डिंग रद्द होते.

सिमबद्दल एकच. घरी रेंज चांगली असताना अचानक नेटवर्क पूर्ण गेलं आणि तासभर आलं नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की आपल्या नावानं नवीन सिम किंवा ई-सिम निघालं का. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, हरवलेला फोन बंद करता येतो आणि संशयास्पद कॉलची तक्रारही देता येते. बागेतल्या एका आजोबांच्या नावावर दोन अनोळखी नंबर निघाले. झेरॉक्सच्या दुकानात दिलेली आधारची प्रत त्यांना आठवत होती. तेव्हापासून आम्ही सगळे मास्क केलेलं आधार देतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिकही ॲपमधून लॉक करून ठेवता येतं. रेशन किंवा पेन्शनसाठी लागेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं.

चौथं: खात्याला कुंपण

मी बँकेतली, त्यामुळे इथं जरा रेंगाळते. आपल्याकडे निवृत्तीची सगळी रक्कम एकाच बचत खात्यात असते, आणि त्याच खात्याला यूपीआय, एटीएम कार्ड, नेटबँकिंग सगळं जोडलेलं असतं. हे बदला. दुसरं छोटं खातं उघडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा, आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. मोठ्या खात्याला यूपीआय नको, कार्डही नको. शाखेत जाऊन चेकनं व्यवहार करायला अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात काउंटरवरचं कोणीतरी 'काका, एवढी रक्कम कशाला हो?' असं विचारतं. माझ्या नोकरीत या प्रश्नानं वाचलेली माणसं मी पाहिली आहेत.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दिवसाच्या मर्यादा खाली आणा. कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात. रिझर्व्ह बँकेनं ही सोय ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केली आहे. परदेशी व्यवहार आजच बंद करा. ॲपमधून मुदत ठेव मोडता येत असेल तर ती सोय बंद होते का, हे शाखेत विचारा. डिजिटल अटकेच्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवण्याच्या फसवणुकीत ठग आधी मुदत ठेवीच मोडायला लावतात.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेताना पिन टाकायला सांगणारा चोर असतो. व्यक्ती-व्यक्तींमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे तो जुना डाव मागे पडला. क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन केलं की पैसे येतील' म्हणणारे मात्र आहेतच.

खऱ्या-खोट्याच्या तीन सरकारी खुणा आता उपयोगी पडतात. बँकांची संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर नेण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती, तेव्हा बँकेच्या नावाचा पत्ता दुसऱ्याच कशानं संपत असेल तर थांबा. बँका आणि विमा कंपन्यांच्या कॉलसाठी १६०० नं सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे. आणि एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावामागं आता एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. 'आज रात्री वीज कापणार' हा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला, की तो महावितरणचा नाही. पण १६०० वरून आलेल्या माणसालाही ओटीपी द्यायचा नाही, हे विसरू नका.

डिजिटल अटक: निवृत्तांसाठी खास

आपल्या शहरात रेल्वे, आयुध निर्माणी, वीज मंडळ, महालेखाकार कार्यालय यांतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. आयुष्यभर नियमानं वागलेली, सरकारी पत्राचा मान ठेवणारी. ठग नेमका तोच मान वापरतात. तुमच्या नावानं पार्सल सापडलं, खात्यातून काळा पैसा गेला, आणि मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला अधिकारी, मागं पोलीस ठाणं, व्हॉट्सॲपवर न्यायालयाच्या शिक्क्याचं पत्र. हे शिक्के, पत्रं, पार्श्वभूमी बनवणं आता मिनिटांचं काम झालं आहे. माणसाला तासन् तास, कधी दिवसेंदिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक असा प्रकार नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, आणि १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करून 'तपासणीसाठी' पैसे वळवायला सांगत नाहीत. असा फोन आला तर लॅपटॉप मिटा, फोन बंद करा, चप्पल घाला आणि जवळच्या पोलीस ठाण्यात चालत जा. खोलीतून बाहेर पडणं हाच यातला उपाय. मुलं परगावी असतील तर त्यांनी आई-वडिलांचा फोन दोन-तीन तास सतत व्यग्र येत असेल तेव्हा शेजाऱ्याला बेल वाजवायला सांगावं. शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडे आहे का, आधी बघा.

दुकान, दवाखाना आणि कारखाना

२०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये 'अरुप' या बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला वित्तप्रमुखांच्या नावानं ईमेल आला. गुप्त व्यवहार करायचा होता. त्याला शंका आली होती. मग व्हिडिओ बैठक झाली, त्यात वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारी होते, आणि त्याची शंका मावळली. बैठकीत तो सोडून सगळे बनावट होते. पंधरा वेळा मिळून सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर गेले.

हिंगणा, बुटीबोरीतल्या कारखान्यांना आणि इतवारीतल्या व्यापाऱ्यांना याचा घरगुती अवतार भेटतो: नेहमीच्या माल पुरवणाऱ्याचं बिल येतं, सगळं तेच, फक्त 'आमचं खातं बदललं' एवढी एक ओळ नवी. तेव्हा नियम करा. खाते क्रमांक बदलल्याचं कळलं की पुरवठादाराला जुन्या नंबरावर फोन करायचा आणि आधी एक रुपया पाठवून त्याच्याकडून ऐकून घ्यायचं. ठरावीक रकमेच्या वरच्या व्यवहाराला दोघांची मंजुरी ठेवा. बँका ही सोय देतात. आणि मालकानं नोकराला सगळ्यांसमोर सांगून ठेवावं की माझा स्वतःचा फोन आला तरी खात्री केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, त्याबद्दल मी कधी ओरडणार नाही. ही शेवटची परवानगी मिळाल्याशिवाय बाकीचे नियम टिकत नाहीत. मालकाला उलट फोन करायला मुनीमजींना संकोच वाटतो.

धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांसाठी दिल्लीच्या एम्सचं उदाहरण पुरेसं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरनं तिथले सर्व्हर अडवले आणि कितीतरी दिवस कामकाज कागदावर चाललं. छोट्या दवाखान्याला किंवा टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याला परवडणारा बंदोबस्त असा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा, आणि प्रत घेऊन झाली की डिस्क काढून घरी न्या. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क हल्ल्यात सोबतच जाते. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाइल उघडून बघा. अशा हल्ल्याची खबर 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत देणं २०२२ पासून बंधनकारक आहे.

एआय आपण वापरताना

चॅटबॉट मीही वापरते, अर्ज लिहायला, अटी समजून घ्यायला. पण त्यात आधार, पॅन, खातेक्रमांक, रुग्णाचा अहवाल नावासकट, ग्राहकांची यादी यातलं काही टाकत नाही. तुमच्या ईमेलला किंवा ब्राउझरला एआय साहाय्यक जोडला असेल, तर एक धोका समजून घ्या. एखाद्या पानात किंवा मेलमध्ये माणसाला न दिसणाऱ्या अक्षरांत सूचना लपवलेल्या असू शकतात, आणि साहाय्यक त्या तुमच्याच सूचना समजून पाळू शकतो. म्हणून अशा साहाय्यकाला बँकेचं पान उघडं असलेल्या ब्राउझरमध्ये मोकळं सोडू नका. ॲपही अधिकृत दुकानातूनच घ्या. प्रसिद्ध चॅटबॉटांच्या नावाची नकली ॲप पुष्कळ आहेत.

याच तंत्रानं आपल्या बाजूनंही काम सुरू आहे. पोलिसांसाठी एआय साधनं बनवणारी राज्य सरकारची 'मार्व्हल' ही कंपनी २०२४ मध्ये नागपुरातच उभी राहिली, आयआयएम नागपूरच्या सहभागानं. तपासाला मदत करणारी 'महाक्राइमओएस' प्रणाली आधी नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत वापरली गेली आणि २०२५ च्या अखेरीस ती राज्यातल्या अकराशे ठाण्यांत नेण्याचं जाहीर झालं. ठगांची भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' बनवलं आहे.

त्या भाड्याच्या खात्यांवरून आठवलं. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून नागपुरात शिकायला आलेल्या मुलांना वसतिगृहात कोणीतरी विचारतं: तुझं खातं महिनाभर वापरू दे, चार-पाच हजार देतो. बाळांनो, ते खातं चोरीचा पैसा फिरवायला लागतं. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम हवाली केलं की गुन्ह्यात नाव तुमचं येतं, आणि ज्या नोकरीसाठी शिकायला आलात तिच्या चारित्र्य पडताळणीत ते अडतं. आधीच दिलं असेल तर आजच शाखेत जाऊन खातं बंद करा आणि पोलिसांना स्वतःहून सांगा.

पैसे गेले तर: पहिला तास

आधी १९३०. रडणं, नवऱ्याला सांगणं, ठगाला परत फोन लावणं, सगळं नंतर. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे मिनिटांत सरकतात. १९३० वर कळवलं की माहिती त्या त्या बँकांना जाते आणि जिथं रक्कम सापडेल तिथं ती रोखून धरतात.

फोन लावताना हे हाताशी ठेवा: आपली बँक आणि खातेक्रमांक, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खातं, ठगाचा नंबर. लाइन व्यग्र असेल तर दुसऱ्या फोनवरून लावत राहा आणि सोबत घरातल्या कोणाला तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा. १९३० वरून तक्रारीचा क्रमांक मिळाला की त्याच आधारे पोर्टलवरची सविस्तर तक्रार चोवीस तासांत पूर्ण करा. मग बँकेला लेखी कळवा आणि पोचवर तारीख-वेळ घ्या. चॅट, कॉल लॉग, एपीके यातलं काही खोडू नका. आधी स्क्रीनशॉट काढा.

लेखी पोच का म्हणते ते सांगते. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, तिसरीकडूनच गळती झाली, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे घड्याळ तुमच्या पोचपावतीवर चालतं. रोखलेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. तपास अधिकाऱ्याकडे तक्रार क्रमांक घेऊन जा आणि अर्ज कसा करायचा ते विचारा. वेळ लागतो, चकरा होतात, पण परत मिळालेली माणसं मी ओळखते.

फसलेल्या माणसाला घरात बोल लावू नका. एक आजी सहा दिवस गप्प राहिल्या, सून रागावेल म्हणून. सहा दिवसांनी खात्यांत काही शिल्लक नव्हतं.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एक फोन येईल. बोलणारा अगदी मायेनं, शुद्ध मराठीत सांगेल की तुमची केस आमच्याकडे आहे, रक्कम सापडली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा. तुमचं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्याच्याकडे बरोबर असेल, कारण ती यादी पहिल्या टोळीकडूनच विकत घेतलेली असते. पैसे परत देण्यासाठी पोलीस किंवा न्यायालय फोनवर शुल्क मागत नाहीत. फोन ठेवा, आणि तो नंबरही त्याच तक्रारीत जोडून द्या.